एचपीसीवर वाढवलेला पीसीएल: ब्रश झाला का, आणि तो विघटतो का?

प्रश्न थोडक्यात असा. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे एचपीसी, कणा म्हणून घेतला; कणा म्हणजे ज्यावर बाजूच्या साखळ्या वाढवायच्या ती मुख्य साखळी. टिन ऑक्टोएट हा कॅटॅलिस्ट टाकून १३० अंश सेल्सिअसला २४ तास कॅप्रोलॅक्टोनचं रिंग-ओपनिंग केलं, म्हणजे त्याच्या कड्या उघडून कण्यावर पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या (पीसीएलच्या) साखळ्या वाढवल्या. जीपीसीत, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीत, एकाऐवजी दोन उंचवटे दिसतात. रेणुभार हिशेबापेक्षा फारच कमी येतो. एनएमआरमधून, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनचे संकेत दाखवणाऱ्या चाचणीतून, बाजूच्या साखळीची लांबी काढता येत नाही. आणि गाइड विचारतात की हा ब्रश, म्हणजे कण्यावर दाट साखळ्या असलेला रेणू, कशावरून, आणि जैवविघटनशील कशावरून?

गाइडचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कण्यावर साखळ्या जितक्या दाट, तितका तो ब्रश अस्सल. पण तितकंच एन्झाइमला कण्यापर्यंत पोचणं अवघड. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच आकड्याने सिद्ध होणार नाहीत.

आधी हिशेब, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. एचपीसीच्या एका ग्लुकोज एककाचा भार १६२ धरून हायड्रॉक्सिल मोजले जातात. ते चूक आहे. बाजारातल्या नेहमीच्या एचपीसीत प्रत्येक ग्लुकोज एककावर सरासरी ३.७ च्या आसपास हायड्रॉक्सीप्रोपिल गट असतात; तुमच्या बाटलीचा आकडा विश्लेषण-पत्रावर पाहा. प्रत्येक गटाचे ५८, म्हणजे एककाचा भार १६२ + ३.७ × ५८, सुमारे ३७७. हायड्रॉक्सिल मात्र तीनच राहतात, कारण प्रत्येक हायड्रॉक्सीप्रोपिल गट एक हायड्रॉक्सिल खातो आणि एक देतो. म्हणून १ ग्रॅम कोरड्या एचपीसीत सुमारे ८ मिलिमोल हायड्रॉक्सिल असतात. १६२ धरलं तर १८.५ येतात. नुसत्या या चुकीने साखळीची अपेक्षित लांबी २.३ पट बदलते.

प्रत्येक हायड्रॉक्सिलवर २० एककांची साखळी हवी असेल तर १ ग्रॅम एचपीसीला १६० मिलिमोल कॅप्रोलॅक्टोन लागेल, म्हणजे १८.२ ग्रॅम किंवा १७.७ मिलिलिटर. मोनोमर आणि टिनचं प्रमाण ५०० ला १ ठेवलं तर टिन ऑक्टोएट १३० मिलिग्रॅम.

आता दोन उंचवट्यांकडे. दुसरा, कमी रेणुभाराचा उंचवटा म्हणजे बहुधा कण्याला न चिकटलेला सुटा पीसीएल. तो येतो पाण्यामुळे. पाण्याचा एक रेणूही साखळी सुरू करतो. तिच्या एका टोकाला आम्ल असतं, दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सिल, आणि कणा कुठेच नसतो. एचपीसीत ३ टक्के ओलावा राहिला असेल तर १ ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम पाणी, म्हणजे १.७ मिलिमोल. एचपीसीचे हायड्रॉक्सिल ८ मिलिमोल. म्हणजे दर १०० साखळ्यांमागे १७ सुट्या. पावसाळ्यात उघड्या बाटलीतून घेतलेलं एचपीसी १२ टक्क्यांपर्यंत ओलावा धरू शकतं. तसंच वापरलं तर जवळपास निम्मा पीसीएल सुटा तयार होईल. पुष्कळदा दोष टिन ऑक्टोएटला दिला जातो. त्यात मोकळं इथाइलहेक्झानोइक आम्ल असतंच, पण १३० मिलिग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये ते ५ टक्के धरलं तरी ०.०५ मिलिमोलसुद्धा होत नाही. ८ मिलिमोलपुढे ते नगण्य आहे. पाणी कण्यातूनच येतं.

म्हणून सगळी मेहनत वाळवण्यात घाला. एचपीसी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० ते ७० अंशांना किमान २४ तास ठेवा, सोबत फॉस्फरस पेंटॉक्साइडची बशी. मग ते रिअॅक्शनच्या फ्लास्कमध्येच घेऊन कोरडं टोल्यूइन घाला आणि उर्ध्वपातन करून काढा, असं दोनदा. एचपीसी टोल्यूइनमध्ये नीट विरघळत नाही, नुसतं फुगतं. तरी पाणी टोल्यूइनबरोबर निघून येतं. कार्ल फिशर (पाणी मोजायचं यंत्र) हाताशी असेल तर नमुना तपासून घ्या. कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर रात्रभर ढवळून कमी दाबाखाली उर्ध्वपातित करा आणि आर्गॉनखाली ठेवा. काचसामान ओव्हनमधून काढून गरम असतानाच जोडा, सेप्टम नवा घ्या.

मग कॅप्रोलॅक्टोन घालून एचपीसी पूर्ण विरघळू द्या. यात घाई केली की हमखास फसतं. ६० ते ८० अंशांना रात्रभर ढवळत ठेवा. द्रव घट्ट, पण प्रकाशात धरल्यावर एकसंध दिसायला हवा. फुगलेले गोळे दिसत असताना टिन टाकलं तर गोळ्याच्या बाहेरच्या थरावर साखळ्या वाढतात आणि आतलं एचपीसी तसंच राहतं. शेवटी टीएचएफ या सोल्व्हंटमध्ये न विरघळणारं जेल मिळतं आणि लोक म्हणतात क्रॉसलिंकिंग झालं, म्हणजे कणे एकमेकांना जोडले गेले. या रसायनात क्रॉसलिंकिंगला खरं तर वाट नाही. सगळ्या साखळ्या एकाच दिशेच्या आहेत: कण्याच्या बाजूला एस्टर, मोकळ्या टोकाला हायड्रॉक्सिल. एका ब्रशच्या टोकाने दुसऱ्या ब्रशच्या साखळीवर हल्ला केला तरी साखळीचा बाहेरचा तुकडा इकडून तिकडे जातो, दोन कणे जोडले जात नाहीत. हेमा (हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट) वापरून केलेल्या पीसीएल मॅक्रोमोनोमरची गोष्ट वेगळी. तिथे एस्टर-अदलाबदलीतून डायमेथाक्रिलेट तयार होतं आणि पुढच्या रॅडिकल पायरीत ते खरोखरच जेल करतं. तुमच्याकडे जेल आलं तर आधी न विरघळलेल्या एचपीसीवर संशय घ्या.

तापमान १३० वरून ११० ते १२० वर आणा आणि २४ तास हा आकडा विसरा. थांबायचं ते घड्याळ पाहून नव्हे, मोनोमर किती संपला ते पाहून. दर दोन तासांनी सिरिंजने थेंबभर काढून प्रोटॉन एनएमआर घ्या: पॉलिमरचा ४.०६ पीपीएमचा त्रिक आणि मोनोमरचा ४.२२ चा संकेत यांच्या प्रमाणातून रूपांतरण कळतं. ८० ते ८५ टक्क्यांना फ्लास्क बर्फात घाला. मोनोमर संपत आला की टिनला एस्टर-अदलाबदलीशिवाय काम उरत नाही. साखळ्यांच्या लांबीची अदलाबदल होते, आणि साखळीचं टोक स्वतःच्याच पाठीवर वळून साखळीचा तुकडा बंद कडीच्या रूपात तोडतं. ती कडी कण्यापासून सुटते. दुसऱ्या उंचवट्याचा काही भाग असा उशिरा तयार झालेला असू शकतो. पाण्यामुळे आलेला सुटा पीसीएल सुरुवातीपासून दिसतो, कड्या शेवटी वाढतात. वेगवेगळ्या वेळचे नमुने जीपीसीत टाकले की कोणता दोष किती, हे वेगळं काढता येतं.

टिन नकोच असेल तर टोल्यूइनमध्ये डायफेनिल फॉस्फेट हा कॅटॅलिस्ट खोलीच्या तापमानाला कॅप्रोलॅक्टोनसाठी चांगला चालतो आणि अदलाबदल फार कमी करतो. अडचण एकच, एचपीसी टोल्यूइनमध्ये येत नाही. सोल्व्हंट बदलला की वेगही बदलतो आणि सगळं नव्याने बसवावं लागतं. औषधी उपयोगाचा विचार असेल तर ही मेहनत करा, नाहीतर टिन ठीक आहे.

शुद्धीकरणात बहुतेक जण थंड मिथेनॉलमध्ये ओतून मोकळे होतात. त्याने मोनोमर जातो, सुटा पीसीएल जात नाही. दोन पायऱ्या करा. थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून दहापट मिथेनॉलमध्ये ओतलं, गाळलं, वाळवलं, की त्याचं टीएचएफमध्ये २ टक्क्यांचं द्रावण करून मिथेनॉल थेंबाथेंबाने घाला, कायमचा गढूळपणा येईपर्यंत. मग किंचित गरम करून स्वच्छ करा आणि ३० अंशांच्या आसपास हळूहळू निवू द्या. ब्रशचा रेणुभार सुट्या साखळीच्या शेकडो पट असल्याने तो आधी खाली बसतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत सुटा पीसीएलही स्फटिक होऊन खाली येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. वाढ न झालेलं एचपीसी उरलं असेल तर ते थंड पाण्याने धुऊन निघतं. थंड पाणीच घ्या, कारण शुद्ध पाण्यात ४० अंशांच्या जरा वर गेलं की एचपीसी पुन्हा बाहेर पडतं.

आता मुख्य मुद्दा, ब्रश कशावरून. ८५ टक्के रूपांतरणाला १ ग्रॅम एचपीसीवर १५.५ ग्रॅम पीसीएल चढला, एवढं एनएमआर सांगतं: एचपीसीच्या मिथाइलचा १.१ ते १.२ चा संकेत आणि पीसीएलचा २.३० चा संकेत यांची तुलना करा. पण तेवढाच पीसीएल सगळ्या हायड्रॉक्सिलवर १७ एककांच्या साखळ्या म्हणून बसू शकतो, किंवा फक्त १० टक्के हायड्रॉक्सिलवर १७० एककांच्या साखळ्या म्हणून. संघटन एकच, रचना पूर्ण वेगळी. पहिल्या बाबतीत कण्याच्या प्रत्येक अर्ध्या नॅनोमीटरवर तीन साखळ्या आहेत, तो ब्रश. दुसऱ्या बाबतीत साधारण १.७ नॅनोमीटरवर एक; त्याला सैल दातांचा कंगवा म्हणणं जास्त खरं.

दुसरी शक्यता पुस्तकी नाही. एचपीसीचे बरेचसे हायड्रॉक्सिल द्वितीयक असतात आणि गर्दीत अडकलेले. एकदा एक कॅप्रोलॅक्टोन जोडला गेला की नवं टोक प्राथमिक असतं, जास्त चपळ. त्यामुळे ज्या साखळ्या आधी सुरू झाल्या त्या पुढे पळतात आणि मागचे हायड्रॉक्सिल बसून राहतात. कण्यावर आधी बिस-एमपीए या दोन प्राथमिक हायड्रॉक्सिल असलेल्या आम्लाचा एक थर चढवून प्राथमिक हायड्रॉक्सिल आणणं हा त्यावरचा प्रस्थापित उपाय आहे. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या गटाने एचपीसीवर असं काम केलेलं आहे. पायऱ्या वाढतात, पण साखळ्या जास्त सारख्या होतात.

लांबी मोजताना टोकाचा मिथिलीन ३.६५ पीपीएमला येतो आणि तिथेच, ३ ते ४ दरम्यान, एचपीसीचा रुंद डोंगर असतो. म्हणून तुम्हाला आकडा मिळत नाही. उपाय सोपा: एनएमआरच्या नळीतच ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये दोन थेंब ट्रायफ्लुओरोअॅसिटिक अॅनहायड्राइड घाला, हलवा, १५ मिनिटं थांबा. टोकाचं एस्टर होऊन तो संकेत ४.३५ च्या आसपास सरकतो आणि मोकळा दिसतो. ४.०६ आणि ४.३५ च्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर अधिक एक, ही सरासरी लांबी. सुट्या पीसीएलची टोकंही यात मोजली जातात, म्हणून आधी शुद्धीकरण, मग हे. जोडीला ४.९ ते ५.१ दरम्यानचा लहान संकेत पाहा. तो एस्टर झालेल्या द्वितीयक कार्बनवरच्या हायड्रोजनचा असतो. अॅनहायड्राइड घालण्यापूर्वीच तो मोजा, कारण नंतर न वाढलेले हायड्रॉक्सिलही एस्टर होतात. लांबी १७ च्या जवळ आली आणि हा संकेतही जुळला, तर ब्रश म्हणायला आधार आहे. लांबी ६० किंवा १०० आली तर नाही.

काही जण बेंझिल अल्कोहोल मुद्दाम टाकून सुट्या साखळ्या बनवतात आणि त्यांची लांबी म्हणजेच बाजूच्या साखळीची लांबी असं धरतात. कण्याचे हायड्रॉक्सिल द्वितीयक असताना हे धरणं धोक्याचं आहे; बेंझिल अल्कोहोल प्राथमिक असल्याने लवकर सुरू होतं. आणि ब्रशवरच्या साखळ्या निवडून कापायची सोय इथे नाही, कारण जोडही एस्टरचा आणि साखळीही एस्टरची.

जीपीसीतला रेणुभार कमी येणं हा तुमच्या प्रयोगाचा दोष नाही, मोजण्याच्या पद्धतीचा आहे. पॉलिस्टायरीनच्या कॅलिब्रेशनवर सरळ पीसीएल जास्त दिसतो. टीएचएफमध्ये त्याला ०.५६ ने गुणायची पद्धत आहे. ब्रश मात्र त्याच भाराच्या सरळ साखळीपेक्षा आटोपशीर असतो, म्हणून कमी दिसतो. दोन चुका उलट दिशेच्या आहेत, त्यामुळे ०.५६ चा गुणक ब्रशला लावणं निव्वळ चूक. १ लाख भाराच्या एचपीसीवर वरच्या हिशेबाने १६ लाखांच्या आसपासचा रेणू व्हायला हवा. पॉलिस्टायरीनवर तो त्याच्या काही अंशच दिसेल. बहुकोनी प्रकाश-विकिरणाचा डिटेक्टर जोडलेला जीपीसी वापरा. पीसीएलचा टीएचएफमधला डीएन-डीसी (सांद्रतेनुसार अपवर्तनांकात होणारा बदल) ०.०७ च्या आसपास आहे आणि तुमच्या ब्रशमध्ये ९४ टक्के पीसीएल असल्याने तो धरला तरी फारसं बिघडत नाही. विस्कोमीटर असेल तर त्याच भाराच्या सरळ पीसीएलपेक्षा आंतरिक श्यानता किती खाली आहे ते दाखवा. परीक्षकाला हे चटकन पटतं. इंजेक्शनपूर्वी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून नमुना जाताना अडत असेल तर जोर लावू नका. गाळणीत अडकलेला भाग हाच तुमचा सर्वांत जड माल असतो, आणि तो गेला की जीपीसी सुंदर पण खोटा येतो. कॉलममधून किती टक्के वस्तुमान बाहेर आलं तेही नोंदवा.

डीएससीवर, म्हणजे वितळण्याची उष्णता मोजणाऱ्या चाचणीवर, थोडंसंच. सरळ पीसीएल ६० अंशांच्या जवळ वितळतो. एका टोकाने बांधलेल्या छोट्या साखळ्या बऱ्याच खाली. दुसऱ्या वेळच्या तापवण्याचा आलेख वापरा. स्फटिकतेसाठी पूर्ण स्फटिक पीसीएलची वितळण-उष्णता काहीजण १३९.५ ज्यूल प्रति ग्रॅम धरतात, काही १३६. कोणता धरला ते लिहा, आणि नमुन्यातला फक्त पीसीएलचा भाग हिशेबात घ्या.

राहिलं जैवविघटन. इथे तुमच्या कामाच्या शीर्षकातला ‘जैवविघटनशील’ हा शब्द अडचणीत आहे. पीसीएलच्या साखळ्या विघटतात, यात वाद नाही. शरीरात सरळ पीसीएलला दोन वर्षांहून जास्त लागतात, लायपेज एन्झाइमपुढे काही दिवस. पण साखळ्या गेल्यावर जे उरतं ते सेल्युलोज नव्हे, एचपीसी. हायड्रॉक्सीप्रोपिल गट ईथरने जोडलेले आहेत, ते लायपेजने किंवा साध्या जलविघटनाने सुटत नाहीत. सेल्युलेजला साखळी कापायला शेजारशेजारची मोकळी ग्लुकोज एककं लागतात, आणि ३.७ च्या प्रमाणाला ती फारच थोडी शिल्लक असतात. म्हणून ‘विघटनशील बाजूच्या साखळ्या असलेला सेल्युलोज-आधारित ब्रश’ असं लिहा. नुसतं ‘जैवविघटनशील ब्रश’ लिहिलं तर जाणकार परीक्षक तिथेच धरतील.

वजनातली घट या बाबतीत विशेष फसवी आहे. फिल्ममधला पीसीएल थोडा कमी झाला की त्याला धरून असलेलं एचपीसी बफरात विरघळून जातं, आणि वजन घटतं ते विघटन न होताच. चाचणी अशी करा: २० मिलिग्रॅमच्या आसपासच्या सारख्या जाडीच्या फिल्म, ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, ३७ अंश, स्यूडोमोनास गटातलं लायपेज, दर २४ तासांनी ताजं द्रावण, कारण एन्झाइमचा जोर उतरत जातो. जिवाणू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड. तेच अझाइड माती किंवा कंपोस्टच्या चाचणीत घातलं तर चाचणीच मरते. एन्झाइमशिवायची फिल्म आणि साध्या पीसीएलची फिल्म सोबत हवीच. काढलेला द्रव फेकू नका. फ्रीझ-ड्राय करून त्याचा एनएमआर घ्या आणि मिथाइलचा १.१ चा संकेत शोधा. किती एचपीसी शाबूत बाहेर पडलं ते त्यातून कळेल. बफर ३७ अंशांना दुधट दिसला तर घाबरू नका, क्षारांमुळे एचपीसीचा ढगाळण्याचा बिंदू खाली येतो. थंड केल्यावर स्वच्छ होतो का ते पाहा. सोडियम हायड्रॉक्साइडमधली जलद चाचणी फक्त नमुन्यांची आपसात तुलना करायला ठीक; तिच्यावरून जैवविघटनाचा दावा करू नका. तो दावा बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडवरच होतो: आयएसओ १४८५५ नुसार ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये, आणि आयएसओ १७०८८ च्या कसोटीला १८० दिवसांत ९० टक्के. हे ५८ अंश तुमच्या ब्रशच्या वितळणबिंदूच्या वर असण्याची शक्यता आहे, म्हणजे नमुना तिथे घन राहणार नाही. अहवालात हे नोंदवा.

कणाही विघटायलाच हवा असेल तर एचपीसी सोडून डेक्स्ट्रान, म्हणजे ग्लुकोजचीच दुसऱ्या जोडणीची साखळी, घ्या. त्यावरच्या साखळ्या एस्टरने जोडलेल्या असतात, त्या गेल्या की खाली उघडा डेक्स्ट्रान उरतो आणि डेक्स्ट्रानेज त्याला कापतं. किंमत अशी की डेक्स्ट्रान कॅप्रोलॅक्टोनमध्ये किंवा टोल्यूइनमध्ये विरघळत नाही. आधी डीएमएसओमध्ये हेक्सामिथाइलडायसिलाझेनने त्याचे काही हायड्रॉक्सिल झाकावे लागतात, साधारण ५० अंशांना. झाकलेलं डेक्स्ट्रान टोल्यूइनमध्ये येतं, उरलेल्या हायड्रॉक्सिलवर साखळ्या वाढतात, आणि शेवटी टीएचएफमध्ये किंचित जास्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सिलिल गट काढतात. जास्त वेळ ठेवलं तर पॉलिएस्टरही तुटू लागतो. १ ग्रॅम डेक्स्ट्रानमध्ये हायड्रॉक्सिल १८.५ मिलिमोल, इथे १६२ चा हिशेब बरोबर. पण झाकलेल्या जागांवर साखळी नाही, म्हणजे दाटी कमी. किती झाकायचं याच आकड्यावर ब्रश आणि कंगवा यांतली निवड होते. दोन बॅच समांतर करा, एकीत निम्मे हायड्रॉक्सिल झाकलेले, दुसरीत ८० टक्के, साखळीची लांबी दोन्हींत सारखी. मग लायपेजनंतर डेक्स्ट्रानेज टाकून दोघींतून किती साखर बाहेर येते ते मोजा. दाटी आणि विघटन यांच्या ओढाताणीबद्दल गाइडने विचारलेल्याचं उत्तर त्या दोन आकड्यांत मिळेल.